पोवळ्याला मंगळ

परळीत माणसानं आजारी पडायला हरकत नाही, पण गुपचूप पडता येत नाही. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस एकदा खाकरला की दूधवाला आल्याचा रस सुचवतो, पेपरवाला आपल्या साडूच्या फुप्फुसाची हकीकत सांगतो, आणि माणूस घरी पोचायच्या आत त्याचा खोकला घरी पोचलेला असतो. गावाचा देवच वैद्यनाथ. कथा अशी, की समुद्रमंथनातून धन्वंतरी आणि अमृत वर आले, ते दैत्यांच्या हाती लागू नयेत म्हणून विष्णूनं दोघांनाही इथल्या लिंगात लपवलं. दैत्यांनी हात घातला तर ज्वाळा निघाल्या, भक्तांनी हात लावला तर अमृताची धार लागली. म्हणून इथं आजही देवाला हात लावून दर्शन घेता येतं. कथेचं काय ते पुराणिकांनी बघावं. परिणाम आम्ही रोज बघतो. वैद्यकी गावाच्या अंगात भिनलेली आहे, आणि कुठल्याही वस्तूला हात लावून बघितल्याशिवाय गावकऱ्याचं समाधान होत नाही.

हे दोन्ही गुण एकदमच कामाला लागले ते आमच्या दाजींच्या समुद्रामुळं.

समुद्र म्हणजे बैठकीत टीव्ही हलवून त्या जागी मांडलेली चार फूट लांब काचेची टाकी. आत दोनशे लिटर खारं पाणी, थोडे दगड, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, ज्यांना २००३ सालच्या त्या सिनेमापासून जगातलं प्रत्येक पोर ‘निमो’च म्हणतं, आणि एक प्रवाळ. परळीपासून खराखुरा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पावणेचारशे किलोमीटरच्या पुढं आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचं कौतुक १९५१ पासून होत आलं, पण दाजींचं म्हणणं, त्यात काय मोठं? रस्ता ओलांडला की समुद्र. खरी मर्दुमकी बालाघाटाच्या डोंगरात समुद्र उभा करण्यात, जिथं नळाला पाणी कधी येईल हे विचारायलासुद्धा माणूस ओळखीचा लागतो.

दाजी थर्मलमधून निवृत्त झालेले. परळीत ‘थर्मल’ एवढं म्हटलं की पुरतं, पुढं वीजनिर्मिती केंद्र वगैरे सांगावं लागत नाही. त्यांची नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली. बॉयलरला लागणारं पाणी तुमच्या-आमच्या पोटात जाणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध असावं लागतं. क्षार राहिले तर नळ्यांच्या आत थर धरतो आणि टर्बाइनच्या पात्यांवर पुटं चढतात. म्हणून दर दोन तासांनी नमुना, दर दोन तासांनी नोंद, खाली सही. असं आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मोजायला काहीतरी लागतंच. काही दिवस ते आक्काच्या भाजीतलं तेल मोजत होते. मग पुण्याच्या भाच्यानं ही टाकी पाठवली आणि संसार वाचला.

आक्काचा मात्र समुद्राला तात्त्विक विरोध. “२०१५ला पाणी न्हाई म्हणून तुमचं आख्खं थर्मल बंद पडलं. २०१६ला लातूरला मिरजंहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आन् तुम्ही चांगल्या गोड पाण्यात इकत आणून मीठ कालवताय!” हिशेबही तिच्याच बाजूनं आहे. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो मीठ. ते किराणा दुकानातलं चालत नाही, कारण समुद्रात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी सगळी भावकी असते, आणि ती ठरल्या प्रमाणातच लागते. पाणी आरओचं लागतं, आणि घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ते टाकाऊ पाणी आक्का बादल्यांत धरते आणि फरशीला लावते. समुद्र आल्यापासून त्या घरची फरशी इतक्यांदा पुसली जाते की पाहुणा आत येतानाच नमस्कार घालतो, लोटांगणाचा.

टाकीच्या मागं ‘स्किमर’ नावाची उभी नळकांडी आहे. ती पाण्यात बारीक हवा घुसळत राहते, फेस वर चढतो, पाण्यातली घाण त्या फेसाला चिकटून येते आणि वरच्या पेल्यात काळपट हिरवा, अंगावर काटा येईल अशा वासाचा अर्क साठतो. वैद्यनाथाच्या गावात बारा महिने समुद्रमंथन चालणारं हे एकच घर. आक्कानं त्या पेल्याचं नाव ‘हलाहल’ ठेवलंय. “आधी तुमचं हलाहल ओतून या, मग चहा,” असं ती पाहुण्यांसमोरच सांगते. पुराणात विष एकदाच निघालं. इथं दर तिसऱ्या दिवशी निघतं, आणि ते प्यायला कोणी पुढं येत नसल्यानं नालीत जातं.

आता प्रवाळाची गोष्ट. ती सांगण्याआधी कायद्याचं सांगून टाकतो, नाहीतर दाजी मला घरात घेणार नाहीत. दगडी सांगाडा करणारी सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे ही मंडळी २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणच्या किनाऱ्यावरून असलं काही पिशवीत घालून आणणं म्हणजे ताडोब्यातून बछडा आणण्यासारखंच. दाजींकडचं प्रवाळ मऊ, दगडी सांगाडा नसलेलं, परदेशातून रीतसर आलेलं, त्या यादीत नसलेलं. तरीसुद्धा त्याची पावती त्यांनी लॅमिनेट करून टाकीच्या वर, बालाजीच्या फोटोशेजारी लावली आहे. हवालदाराच्या आधी ती गल्लीतल्या दोन वकिलांनी वाचली, आणि दोघांची मतं वेगळी पडली.

याला बाजारात ‘लेदर कोरल’ म्हणतात. दिसायला पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीसारखं: जाड देठ, वर तपकिरी टोपी, आणि तब्येत बरी असली की टोपीभर शेकडो बारीक बोंडं बाहेर येऊन हलत असतात. ते झाड, जनावर की दगड, यावरून पहिल्याच आठवड्यात बैठकीत तीन पक्ष पडले. (परळीत दोन पक्ष तर कशावरही पडतात, तिसरा पडला म्हणजे विषय खोल आहे असं समजावं.) खरं तर ते जनावरच. ते एकेक बोंड म्हणजे एक स्वतंत्र तोंड, भोवती आठ बोटं. आत जातं तेही त्याच दारानं आणि बाहेर येतं तेही त्याच दारानं. पण त्याच्या मांसात एकपेशीय शैवाल भाड्यानं राहतं. ते उजेडावर अन्न शिजवतं आणि त्यातला बराच मोठा वाटा घरमालकाला देतं. म्हणजे अंगात झाड बाळगणारं जनावर. घरमालक फक्त जागा आणि उजेड देतो, भाडेकरू डबा देतो. हे ऐकून गल्लीतल्या एका घरमालकानं इतका मोठा उसासा टाकला की काचेवर वाफ धरली.

एका उन्हाळ्यात हे प्रवाळ मिटलं.

म्हणजे सगळी बोंडं आत गेली, टोपी गुळगुळीत झाली आणि तिच्यावर मेण चोपडल्यासारखी चकाकी आली. दुसऱ्या दिवशी कडा खाली लोंबल्या. तिसऱ्या दिवशी रंग राखाडी दिसायला लागला. दाजींनी वही काढली आणि आक्कानं, दार उघडं असल्यामुळं, गावाला आत घेतलं.

पहिले आले कृषी सेवा केंद्रवाले. त्यांचं मोंढ्यात दुकान आहे, आणि सोयाबीन, कापूस, हरभरा यापलीकडं सृष्टीत काही असेल यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लावलं आणि विचारलं, “खालून वाळत आलंय का वरून?” वरून, म्हटल्यावर ते म्हणाले, “मर न्हाई. लाल्याबी न्हाई. झिंक कमी पडलंय. एकोणीस-एकोणीस-एकोणीस द्या, दहा लिटरला पन्नास ग्रॅम, वरून फवारा.” पाण्यात बुडालेल्या वस्तूवर फवारणी कशी करायची हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला नाही. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, नत्र आणि स्फुरद जास्त झालं की टाकीत शेवाळ माजतं आणि प्रवाळाचा श्वास कोंडतो. शेतात ज्याला खत म्हणतात त्याला समुद्रात घाण म्हणतात. पण हे त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्याकडची उधारी आधी भागवायला पाहिजे.

मग आले वैद्यबुवा. त्यांना प्रवाळ चांगलंच ठाऊक, पण फक्त बाटलीतलं. प्रवाळ पिष्टी म्हणजे पोवळं गुलाबपाण्यात खलून केलेली पूड; पित्तावर, हाडांवर देतात. ते टाकीसमोर बराच वेळ गप्प बसले. हयातभर जे औषध म्हणून दिलं तेच रुग्ण म्हणून समोर बसलं की माणसाचं असं होतं. “औषधालाच काय औषध द्यावं?” एवढंच बोलून ते पथ्यावर आले. तिखट बंद.

ज्योतिषी काकांना असला संकोच नव्हता. पोवळं म्हणजे मंगळाचं रत्न, मंगळ सध्या वक्री, तेव्हा पोवळ्याचं मन लागणार कसं? त्यांच्या बोटातलं पोवळं भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यातलं, तांबडं, कडक. त्याच्यात शैवालाचा भाडेकरू नसतो आणि त्याला उजेडही लागत नाही. या लेदरशी त्याचं नातं लांबच्या चुलत्याचं. दाजींनी हे समजावून सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “चुलता असला तरी सुतक लागतं की.” याला उत्तर नाही.

राखेचा पक्ष सर्वांत मोठा निघाला. परळीत केस गळाले तर राख, दम लागला तर राख, पोरगा नापास झाला तरी राख. गाव थर्मलच्या राखेखाली इतकी वर्षं आहे की या निदानाला पुरावा मागणं उद्धटपणाचं ठरतं. आणि यात थोडं तथ्यही आहे. दगडी कोळशाच्या राखेत सिलिका भरपूर. ती पाण्यात विरघळून आली तर डायॅटम नावाचं तपकिरी शेवाळ काचेवर साय धरल्यासारखं पसरतं. पण काच स्वच्छ होती. दाजींनी तरीही खिडक्या लावल्या, फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या, आणि त्या उकाड्यात प्रवाळापेक्षा आक्काच जास्त मिटली.

आक्कानं शेवटी आपलं निदान केलं: दृष्ट. एवढी माणसं येऊन काचेला नाक लावतात, दुसरं काय होणार? संध्याकाळी तिनं मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत धरून टाकीवरून उतरल्या आणि बाहेर विस्तवात टाकल्या. सात किलो मिठाच्या पाण्यात राहणाऱ्या जिवाची मीठ उतरवून दृष्ट काढलेली मी तरी पहिल्यांदा पाहिली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती. ठसका न येण्याचं कारण फटींतल्या ओल्या चिंध्या असतील असं मला वाटलं, पण दाजी-आक्काच्या मधे मी बोलत नाही.

एवढं चालू असताना एका गृहस्थानं टाकीत हात घातला. वाईट हेतू नव्हता. देवाला हात लावतो तसा लावला. पण नुकताच तंबाखूला चुना चोळलेला अंगठा तसाच पाण्यात गेला. दाजी ओरडले. तंबाखू वाईटच, पण चुन्याची गंमत वेगळी आहे. दगडी प्रवाळं पाळणारे जगभरचे लोक टाकीत कॅल्शियम आणि क्षारता टिकवायला चुन्याचंच पाणी थेंबथेंब सोडतात. जर्मन नावाची परदेशी पुडी मिळते, भाव ऐकून घाम फुटतो, आणि आत असतं ते आपल्या आज्या पोरांना पोटदुखीवर द्यायच्या त्या चुन्याच्या निवळीचं सामान. दाजींनी अशी एक पुडी मागवली होती. पानपट्टीवाला त्या दिवशी बैठकीतच होता. त्यानं पुडीवरची किंमत वाचली, दाजींकडं पाहिलं आणि म्हणाला, “सायेब, चुना लावायचाच होता तर घरचा माणूस होता की.”

मुंबई-पुण्याकडून आलेली मदतही याच तोडीची होती. भाच्यानं फोटो मागितला. या टाक्यांवरचे दिवे निळे असतात, शैवालाला तो उजेड मानवतो म्हणून. फोटोत त्यामुळं प्रवाळ निळं, पाणी निळं, काचेत उमटलेले दाजीही निळे. भाच्यानं तो फोटो जाणकारांना पाठवला. एकानं कळवलं, उजेड कमी करा. दुसऱ्यानं, उजेड वाढवा. तिसऱ्यानं विचारलं, मधे जो निळा माणूस दिसतोय त्याची तब्येत बरी आहे का?

हा तिसरा एकटाच खरा जाणकार होता, हे पुढं कळलं.

दाजींची स्वतःची निदानपद्धत शास्त्रीय होती, आणि ती बघताना मला त्या प्रवाळाची सगळ्यात जास्त दया आली. आधी त्यांनी ऊन तपासलं. परळीचा मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको, आणि प्रवाळाला २५-२६ अंशांवर बरं वाटतं. समुद्रात प्रवाळाचं मोठं मरण उष्णतेनंच होतं: नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंशभरानं तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या शैवालाला घराबाहेर काढतं आणि पांढरंफटक पडतं. १९९८ला जगभर असं झालं, २०१०ला झालं, २०१४ ते २०१७ सलग चाललं, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेनं चौथ्यांदा जाहीर केलं. आपल्या मालवणच्या समुद्रातली प्रवाळंही यातून सुटलेली नाहीत, आणि विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लावून बसलेल्या पाण्याखालच्या आंग्रिया पठाराची काळजी सगळे जाणते करतात. दाजी हे सगळं आम्हाला उभ्यानं सांगतात. पण त्यांचं प्रवाळ पांढरं पडलं नव्हतं. पाण्यावर पंखा लावून त्यांनी तापमान धरून ठेवलं होतं. पंख्यानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानं करावी लागते. कूलिंग टॉवरपाशी उमेदवारी केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खारटपणाही चोख होता.

इथं थांबले असते तर हा लेख झाला नसता. पण थर्मलमध्ये थांबायची पद्धत नाही. सकाळी सहाला त्यांनी क्षारता काढली: नळीत पाणी, थेंबथेंब औषध, निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. ७.८ आली. पुस्तकात ८ ते ९. त्यांनी सोडा टाकला. आठ वाजता ९.४. जास्त झाली, म्हणून थोडं पाणी बदललं. दहाला ८.१, पण आता कॅल्शियम ३९० वर आलं होतं. कॅल्शियम टाकलं. बाराला कॅल्शियम ४४०, क्षारता पुन्हा खाली, कारण ही दोघं एकमेकांना धरून गाळात बसतात. दोन वाजता नवीन पाणी, चारला नवीन कार्बन, सहाला दिवा वर, आठला दिवा खाली. प्रत्येक नोंदीखाली सही. वहीतला एकेक आकडा वेगळा काढून बघावा तर बरोबर. पण त्यांचा आलेख काढला असता तर तो अंबाजोगाईच्या घाटाचा नकाशा वाटला असता.

“दाजी,” मी एकदा विचारलं, “बंद पडलेला बॉयलर तुम्ही दोन तासांत पूर्ण लोडवर नेता का?”

“खुळा का काय? नळ्या फुटतील,” ते म्हणाले, आणि प्रवाळाच्या पाण्यात एक चमचा मॅग्नेशियम ढवळायला लागले.

निमोंचा जोडीदारपणाही त्याच दिवसांत ध्यानात आला. समुद्रात ही मासोळी विषारी समुद्रफुलांच्या बोटांत घर करते. टाकीत ते फूल नसलं की ती जे मऊ सापडेल त्यात लोळते. या दोघांनी प्रवाळाची टोपी पकडली होती आणि ते तिच्यावर अंग घासत बसायचे. आजाऱ्याच्या खाटेवर बसून राहणारे पाहुणे समुद्रातही आहेत हे बघून बरं वाटलं.

मग एका रात्री दाजींनाच चक्कर आली. रक्तदाब वर गेला होता. अंबाजोगाईला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कागदावर काही लिहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या ते असं: “काका, मीठ कमी करा.”

आक्कानं पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं बाईंना वाटलं.

“घरी बीपीचं मशीन आहे?”

“आहे.”

“किती वेळा बघता?”

“दर दोन तासांनी. नोंद आहे.” दाजींनी उशाखालून वही काढली. प्रवाळाच्याच वहीत, मागच्या पानांपासून उलटी सुरू केलेली.

बाईंनी वही चाळली. “काका, तुम्ही मोजता म्हणून वाढतं, आणि वाढतं म्हणून मोजता. गोळी एकच देते, रोज सकाळी. आठ दिवस मशीनला हात लावायचा नाही.”

चार दिवस ठेवून घेतलं. इकडं टाकीला बघायला आक्का येऊन-जाऊन. तिला एवढीच ताकीद होती: उडालं तेवढं गोडं पाणी घालायचं, दुसरं काही नाही. ती ताकीद तिनं मनापासून पाळली, कारण त्या टाकीशी दुसरं काही करायची तिची इच्छाच नव्हती. गल्लीलाही दार बंद. पेशंट अंबाजोगाईला म्हटल्यावर गाव तिकडं गेलं. वैद्यबुवा गेले, कृषी केंद्रवाले गेले, ज्योतिषी काका एसटीनं गेले. टाकीजवळ कोणी उरलं नाही.

तिसऱ्या सकाळी आक्काचा फोन आला. आवाज कापत होता. “आरं, त्यांना सांगू नको. त्या छत्रीचं कातडं निघालंय. पाण्यात लोंबतंय फडक्यावानी.”

मी गेलो. खरंच लोंबत होतं. ती मेणकट चकाकी म्हणजे एक पातळ पडदा होता. तो कडेनं सुटून पाण्याच्या झोताबरोबर फडफडत होता. माझ्यादेखत त्याचा एक तुकडा निघून पंपाच्या जाळीला जाऊन चिकटला. आणि पडद्याखाली, टोपीच्या एका बाजूला, बारीक बारीक टोकं वर येत होती. आधी मोहरीएवढी. दुपारपर्यंत तांदळाएवढी.

लेदर कोरलं हे अधूनमधून करतातच. अंगावर शेवाळ, कचरा बसला की मिटून घेतात, मेणाचा थर धरतात आणि कात टाकतात. कधी चार-पाच दिवसांत उरकतं, कधी दोन-तीन आठवडे लागतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आटोपलं. लागतं काय, तर तो पडदा वाहून न्यायला पाण्याची चांगली हालचाल आणि पाण्यात रोज रोज बदल न करणारा मालक. हालचाल टाकीत होती.

दाजी घरी आले तेव्हा प्रवाळ पूर्ण फुललं होतं. त्यांनी चप्पल न काढताच टाकी गाठली, आणि टेस्ट किटच्या डब्याकडं हात गेला तो आक्कानं वरच्यावर धरला.

यशाची वाटणी त्याच संध्याकाळी झाली. दृष्ट काढल्यानं झालं हे आक्काचं. कृषी केंद्रवाल्यांनी सांगितलं, “मी झिंक द्या म्हणलो, तुम्ही दिलं न्हाई, तरी उतरलं, मंजी जमिनीतच असंल.” ज्योतिषी काकांनी पंचांग उघडून दाखवलं: मंगळ मार्गी, तारीखही जुळत होती. वैद्यबुवांनी तिखट बंद केल्याची आठवण दिली. तंबाखूवाल्या गृहस्थाचं म्हणणं इतकंच, की हात त्याचाच लागला होता आणि या गावात हात लावण्याचं काय माहात्म्य आहे हे त्यानं सांगायची गरज नाही. दाजींनी कोणाशीच वाद घातला नाही. त्यांनी वहीत त्या चार दिवसांच्या रकान्यांत आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

आता दाजी पंचक्रोशीत खाऱ्या-गोड्या पाण्याचे धन्वंतरी म्हणून ओळखले जातात. गंगाखेडवरून, सोनपेठवरून फोन येतात. परवा मी बसलेलो असताना सिरसाळ्याहून एकाचा आला. पोरासाठी जत्रेतून गोल्डफिश आणला होता, काचेच्या बरणीत ठेवला होता, तो उलटा झाला.

दाजी सरसावून बसले. “पाणी कशाचं?”

“बोअरचं.”

“क्षारता किती? तापमान? दिवसातून किती वेळा पाणी बदलता?”

“ते काय ठावं न्हाई, सायेब. मासा तर परवाच मेला. पोरगं इचारतंय कशानं मेला, म्हणून फोन केला.”

“मेला?” दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हरकत नाही. आता रीडिंग तरी स्थिर येतील. सकाळी सहाला पहिला नमुना घ्या.”